पाळक मार्टिन निमोलर यांची कबुली

शब्बाथशाळेत उरीयाची गोष्ट सांगताना आम्ही दावीद राजाला दोषी ठरवतो आणि तेथेच थांबतो. राजाचे पत्र हाती पडताच उरीयाला ऐन लढाईच्या तोंडी उभा करणारा सेनापती यवाब मात्र धड्यातून अलगद सुटतो. त्याने काय केले? वरून आलेला हुकूम पाळला, एवढेच. पण हुकूम पाळणाऱ्याचा आणि पाहून गप्प राहणाऱ्याचा दोष किती? या प्रश्नाने ज्यांना उत्तरायुष्यात स्वस्थ बसू दिले नाही असे एक पाळक जर्मनीत होऊन गेले. मार्टिन निमोलर हे त्यांचे नाव.

१४ जानेवारी १८९२ रोजी लिपस्टाट गावी एका लूथरन पाळकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. १९१० साली ते कैसरच्या नौदलात शिरले आणि पहिल्या महायुद्धात पाणबुडीवर होते. १९१७ साली भूमध्य समुद्रात शत्रूचे सैनिक नेणारे एक जहाज त्यांच्या पाणबुडीने फोडले आणि बुडणाऱ्यांना वर काढायला आलेल्या दुसऱ्या जहाजालाही अडवले. त्या दिवसाने मनाला लावलेला चटका त्यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात नोंदवला आहे. तरी युद्ध संपेपर्यंत नोकरी चालूच राहिली, आणि शेवटी ते स्वतः एका पाणबुडीचे कप्तान झाले. पराभवानंतर पाणबुड्या इंग्रजांच्या हवाली करण्याचा हुकूम मात्र त्यांनी साफ नाकारला. म्हणजे हुकूम मोडणे या गृहस्थांना जमत नव्हते असे नाही. देशाभिमानाला धक्का बसला तेव्हा ते जमले.

पुढे त्यांनी ईश्वरविज्ञानाचा अभ्यास केला, १९२४ साली पाळकपणाची दीक्षा घेतली आणि १९३१ साली बर्लिनच्या डालेम मंडळीत ते आले. १९३३ साली त्यांनी हिटलरच्या पक्षाला मत दिले. देशाची गेलेली अब्रू परत येईल आणि देवाला न मानणाऱ्या साम्यवाद्यांना आळा बसेल, अशी पुष्कळ पाळकांची तेव्हा आशा होती. निमोलरही त्यांतलेच एक होते.

त्यांचे डोळे उघडले ते सरकारने मंडळीच्या कारभारात हात घातल्यावर. यहूदी कुळात जन्मलेल्या ख्रिस्ती माणसाला पाळकाच्या जागेवर राहता येणार नाही, असा नियम मंडळीत येऊ लागला. सप्टेंबर १९३३ मध्ये निमोलर यांनी त्याविरुद्ध पाळकांचा संघ उभारला आणि काही महिन्यांत सुमारे ७,००० पाळक त्यात आले. जानेवारी १९३४ मध्ये हिटलरने मंडळीच्या पुढाऱ्यांना बोलावले, तेव्हा निमोलर यांचे टेलिफोनवरील खाजगी बोलणे पोलिसांनी टिपून घेतल्याचे त्यांना समोरच ऐकवण्यात आले. तरीही ते मागे हटले नाहीत. १ जुलै १९३७ रोजी त्यांना अटक झाली. मार्च १९३८ मध्ये न्यायालयाने दिलेली शिक्षा भोगून झालेलीच होती, म्हणून सुटका व्हायची. पण गुप्त पोलिसांनी त्यांना तेथूनच साक्सेनहाउसेनच्या छळछावणीत नेले. १९४१ साली डाखाऊला हलवले. १९४५ साली सुटेपर्यंत आठ वर्षे ते बंदिवासात होते.

त्यांच्या चाहत्यांना अवघड जाणारी एक गोष्ट आम्ही वगळणार नाही. १९३९ साली युद्ध पेटले तेव्हा याच बंदिवानाने छावणीतून नौदलात पुन्हा चाकरी करण्याची तयारी कळवली होती. आज्ञा पाळण्याची सवय इतकी खोल गेलेली असते.

सुटकेनंतर त्याच वर्षी ते पत्नी एल्झे यांना घेऊन डाखाऊ दाखवायला गेले. जेथे प्रेते जाळत त्या इमारतीपाशी एक पाटी होती. तिच्यावर मृतांचा आकडा होता आणि साले होती, १९३३ ते १९४५. आकड्याने बाई हादरल्या. निमोलर मात्र सालांपाशी अडले. १९३७ नंतर आपण कोठे होतो हे ते देवाला सांगू शकत होते. पण १९३३ पासूनची चार वर्षे? साम्यवादी, कामगार पुढारी आणि यहूदी यांना उचलून नेत होते तेव्हा ते मोकळे होते, दर रविवारी भरल्या मंदिरात उपदेश करीत होते. बाप्तिस्मा झालेल्या यहूद्यांसाठी ते भांडले होते. बाप्तिस्मा न झालेल्यांसाठी नव्हे.

ऑक्टोबर १९४५ मध्ये स्टुटगार्ट येथे जर्मन मंडळ्यांच्या पुढाऱ्यांनी आपल्या दोषाची लेखी कबुली दिली. तिच्यावर निमोलर यांची सही आहे. त्या कागदात यहूदी हा शब्द नाही, हे येथे सांगितले पाहिजे. निमोलर यांनी आपल्या भाषणांत ती उणीव भरून काढली आणि गावोगाव फिरून ती चार वर्षे लोकांपुढे मांडली. लोकांना ते रुचले नाही. जानेवारी १९४६ मध्ये एर्लांगेनला विद्यार्थ्यांनी पाय आपटून गोंधळ घातला. आमची घरे पडली, मुलगे मेले, आता दोषही आमचाच काय, अशी तक्रार होती, आणि उपाशी, उघड्यावर पडलेल्या लोकांच्या तोंडी ती समजण्यासारखी आहे. सरकार जे करील ते निमूट पाहणारा पोस्टमन किंवा शिक्षक आणि छावणीचा अधिकारी यांना एकाच मापाने मोजावे, असे आम्हालाही वाटत नाही. तथापि निमोलर दुसऱ्याचे माप घेत नव्हते. साधी माणसे चुकली असे म्हणण्याआधी, त्यांना रविवारी उपदेश करणारा काय बोलला होता, हे ते विचारीत.

१९६१ साली नवी दिल्लीत जागतिक मंडळी परिषदेची सभा भरली, तेव्हा ते तिच्या अध्यक्षांपैकी एक म्हणून निवडले गेले. त्याच वर्षी मोटार अपघातात एल्झेबाई गेल्या होत्या. ६ मार्च १९८४ रोजी वीसबाडेन येथे, ९२ वर्षांचे होऊन, ते प्रभूकडे गेले.

गप्प राहण्याविषयीच्या त्यांच्या चार ओळी आज जगभर भिंतींवर लावलेल्या दिसतात. भाषणाच्या ओघात बोललेल्या, म्हणून त्यांची रूपे अनेक आहेत. कोठे एका गटाचे नाव येते, कोठे दुसऱ्याचे. गप्प राहणारा मात्र प्रत्येक वेळी तोच, डालेमचा पाळक.