जॉर्ज ओहम: वायरच्या रेझिस्टन्सचा हिशोब लावणारा शाळामास्तर

लांब आणि बारीक केबलने फोन हळू चार्ज होतो, हे तुम्ही पाहिलं असेल. त्यामागे वायरचा रेझिस्टन्स, म्हणजेच विद्युतरोध असतो. तो ओहम या एककात मोजतात. हे नाव ज्यांचं, त्यांना मात्र हयातीत बरीच वर्षं कुणी विचारलं नाही.

जॉर्ज सायमन ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतल्या एर्लांगन गावी झाला. वडील कुलपं बनवणारे कारागीर. ते स्वतःच गणित शिकले आणि मुलांनाही त्यांनीच शिकवलं. १८१७ मध्ये ओहम कोलोनच्या शाळेत शिक्षक झाले. शाळेची लॅब चांगली होती, त्यामुळे तिथेच त्यांचे प्रयोग सुरू झाले.

मोठी अडचण होती बॅटरीची. त्या काळच्या बॅटरीचं व्होल्टेज प्रयोग चालू असतानाच बदलायचं. मग करंट कमी झाला तो वायरमुळे की बॅटरीमुळे, हे कळणार कसं? शेवटी पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञाच्या सल्ल्याने त्यांनी थर्मोकपल वापरलं. बिस्मथ आणि तांबं जोडायचं, एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. तापमानातला फरक कायम, म्हणून व्होल्टेजही कायम! १८२६ मध्ये त्यांनी सारख्या जाडीच्या, पण वेगवेगळ्या लांबीच्या तांब्याच्या तारा एकेक करून जोडल्या आणि चुंबकसुईवर होणाऱ्या परिणामावरून करंट मोजला. करंट आणि रेझिस्टन्सचं गणित जुळलं.

आज आपण हा हिशोब असा शिकतो:

• लांबी: वायर दुप्पट लांब, तर रेझिस्टन्स दुप्पट.
• जाडी: व्यास दुप्पट केला की रेझिस्टन्स एक चतुर्थांश.
• धातू: त्याच मापाच्या लोखंडी तारेचा रेझिस्टन्स तांब्याच्या सुमारे सहापट.
• तापमान: तांब्यासारखा धातू तापला की रेझिस्टन्स वाढतो.

हे सगळं नीट मांडायला ओहम यांनी अर्ध्या पगारावर रजा घेतली आणि १८२७ मध्ये बर्लिनमध्ये पुस्तक छापलं. त्यावर विद्यापीठात चांगली जागा मिळेल, अशी त्यांना आशा होती. पण प्रयोगाच्या शास्त्रात एवढं गणित तेव्हाच्या अनेक जर्मन शास्त्रज्ञांना पटलं नाही. निराश होऊन ओहम यांनी कोलोनची नोकरी सोडली. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या पॉलिटेक्निकमध्ये काम मिळेपर्यंतची वर्षं ओढाताणीची गेली.

दखल घेतली ती परदेशाने. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ली पदक दिलं. म्युनिक विद्यापीठातलं फिजिक्सचं प्राध्यापकपद मिळायला १८५२ साल उजाडलं, आणि ६ जुलै १८५४ ला ते गेले. १८८१ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने रेझिस्टन्सच्या एककाला त्यांचं नाव दिलं.

तेव्हा पुढची केबल घेताना लांबी गरजेपुरतीच ठेवा आणि आतली तांब्याची तार जाड आहे का, तेही बघा. वाटेत कमी व्होल्टेज वाया जाईल.