शाळांचा मुख्यमंत्री : के. कामराज

शाळेत शिजणाऱ्या खिचडीचा वास मधल्या सुटीआधीच वर्गापर्यंत येतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. मुलांना शाळेतच जेवण द्यावे हा विचार आपल्या देशात कोणी जोराने पुढे नेला? त्यासाठी आपल्याला तमिळनाडूत जावे लागेल. त्या काळी त्याला मद्रास राज्य म्हणत.

तेथील विरुदुनगर या गावी १५ जुलै १९०३ रोजी कामराज यांचा जन्म झाला. घरच्यांनी नाव ठेवले कामाक्षी. आई लाडाने राजा म्हणे. दोन्ही मिळून कामराज झाले! वडील नारळाचे व्यापारी होते. मुलगा सहा वर्षांचा असताना ते वारले. आई शिवकामी अम्माळ यांनी दागिने मोडून संसार चालवला. काही वर्षांतच शाळा सुटली आणि कामराज मामाच्या कापडाच्या दुकानात काम करू लागले.

दुकानात त्यांचे मन रमले नाही. १९१९ मध्ये जालियनवाला बागेची बातमी आली आणि त्यांनी देशकार्यात उडी घेतली. मुलगा हाताबाहेर जाईल म्हणून नातेवाइकांनी त्यांना त्रिवेंद्रमला दुसऱ्या मामाच्या लाकडाच्या वखारीत पाठवले. पण तेथूनही ते वायकोमच्या सत्याग्रहात गेले. मिठाच्या सत्याग्रहात त्यांना पहिल्यांदा तुरुंगवास झाला. पुढे तुरुंगाच्या वाऱ्या इतक्या झाल्या, की त्यांच्या आयुष्यातील आठ वर्षांहून अधिक काळ तेथेच गेला.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये ते मुंबईला काँग्रेसच्या अधिवेशनाला आले होते. 'छोडो भारत'चा ठराव येथेच झाला. परतताना पोलीस आपल्याला मद्रासच्या स्टेशनावर पकडणार, हे त्यांनी ओळखले. म्हणून ते अलीकडेच अरक्कोणमला उतरले, जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून कार्यकर्त्यांना काम वाटून दिले आणि काम संपल्यावर स्वतःच पोलिसांच्या हवाली झाले. मग तीन वर्षे कैद!

१३ एप्रिल १९५४ रोजी ते मुख्यमंत्री झाले. त्यांच्या आधी राजाजी मुख्यमंत्री होते. राजाजी मोठे विद्वान. पण त्यांनी १९५३ मध्ये आणलेली शिक्षण योजना लोकांना रुचली नाही. मुलांनी थोडा वेळ शाळेत बसावे आणि उरलेल्या वेळात घरचा धंदा शिकावा, अशी ती योजना होती. मग न्हाव्याचा मुलगा न्हावीच राहणार का, असे लोक विचारू लागले. कामराज यांनी ती योजना रद्द केली. नेतेपदासाठी आपल्याविरुद्ध उभे राहिलेले सी. सुब्रमण्यम यांना मात्र त्यांनी मंत्रिमंडळात घेतले. देवस्थानांचे खाते त्यांनी एका दलित मंत्र्याकडे दिले. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती.

गावोगावी शाळा निघू लागल्या. तरी गरिबांची मुले येईनात. उपाशी पोटी धडा कसा पाठ होणार? आणि मुलाची मजुरी बुडाली तर घरात चूल कशी पेटणार? मद्रास शहरातील काही शाळांत दुपारच्या जेवणाचा प्रयोग पूर्वी झाला होता. कामराज यांनी १९५६ पासून तो खेड्यापाड्यांत नेला. शिक्षण संचालक सुंदरवडिवेलू यांनी त्यासाठी फार कष्ट घेतले. सरकारी पैसा पुरेसा नव्हता, म्हणून लोकांनीही हातभार लावला. कोणी धान्य दिले, कोणी भांडी, कोणी पाट्या आणि बाके. केंद्र सरकारची देशभराची योजना त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९९५ मध्ये आली. आपल्याकडे आधी घरी न्यायला तांदूळ मिळे, खिचडी नंतर शिजू लागली.

त्यांच्या काळात धरणे झाली, कारखानेही निघाले. स्वतः कामराज अविवाहित होते. मद्रासला भाड्याच्या घरात राहत. आई विरुदुनगरलाच राहिली.

२ ऑक्टोबर १९६३ रोजी त्यांनी आपण होऊन मुख्यमंत्रिपद सोडले. मोठ्या नेत्यांनी खुर्च्या सोडून पक्षाचे काम करावे, अशी त्यांचीच योजना होती. लवकरच ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्री आणि १९६६ मध्ये इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्या, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्यांना हिंदी आणि इंग्रजी सफाईने बोलता येत नसे. तुम्ही उर्दूबरोबर मराठी शिकता, तेव्हा परक्या भाषेत अडखळणे म्हणजे काय ते तुम्ही जाणताच!

पण भाषेच्या प्रश्नानेच घात केला. १९६५ मध्ये मद्रास राज्यात हिंदीविरोधी आंदोलन पेटले. त्यातच तांदूळ महागला. १९६७ च्या निवडणुकीत काँग्रेस हरली आणि खुद्द विरुदुनगरात एका तरुण विद्यार्थी नेत्याने कामराज यांचा पराभव केला. ज्या पिढीसाठी त्यांनी शाळा काढल्या, त्या पिढीनेच त्यांना घरी बसवले. १९६९ मध्ये नागरकोइलच्या लोकांनी मात्र त्यांना लोकसभेत पाठवले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी, त्यांचे निधन झाले. १९७६ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न जाहीर झाले. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, तमिळनाडूच्या शाळांत शिक्षण विकास दिन म्हणून साजरा होतो.