अष्टपैलू बेब

अनेक खेळांत निपुण असलेल्या खेळाडूंत पहिला मान कोणाला, असे कोणी विचारले तर मी बेब डिड्रिक्सन झहारियास हिचेच नाव घेईन. १९११ साली अमेरिकेतील टेक्सासमध्ये जन्मलेली ही मुलगी आधी बास्केटबॉलमध्ये चमकली. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भालाफेक व अडथळ्यांची शर्यत तिने जिंकली. उंच उडीत रौप्यपदक मिळविले. पुढे गोल्फमध्येही नाव काढले.

१९५३ साली तिला आतड्याचा कर्करोग झाला. तिने तो लपविला नाही. शस्त्रक्रिया करून घेतली आणि पुढल्याच वर्षी अमेरिकेची महिला खुली गोल्फ स्पर्धा १२ फटक्यांनी जिंकली. १९५६ साली ती निवर्तली.

भगिनींनो, दुखणी अंगावर काढणाऱ्या आपण बायका तिची पदके विसरलो तरी चालेल. तो मोकळेपणा मात्र विसरू नये.