बास्केटबॉलचे जनक : डॉ. जेम्स नेस्मिथ

बास्केटबॉलचा खेळ एका शिक्षकाच्या अडचणींतून जन्मास आला, हें फार थोड्यांस ठाऊक असेल.

जेम्स नेस्मिथ ह्यांचा जन्म १८६१ सालीं कॅनडा देशांत झाला. नवव्या वर्षींच मातापित्यांचें छत्र हरपलें. मामांनीं त्यांचा सांभाळ केला. धर्मशास्त्राचें अध्ययन करून पुढें ते व्यायामशिक्षक झाले.

१८९१ च्या हिवाळ्यांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथील त्यांच्या वर्गाचे १८ विद्यार्थी त्याच त्या कवाइतीस कंटाळून अनावर झाले होते. बाहेर थंडी, आणि आंत फुटबॉल खेळावा तर हातपाय मोडावयाचे! नवा खेळ शोधण्यास वरिष्ठांनीं १४ दिवसांची मुदत दिली.

नेस्मिथांस बालपणींचा एक खेळ आठवला. मोठ्या दगडावरील लहान दगड नेम धरून पाडावयाचा. त्यांत जोरानें मारणाऱ्यापेक्षां अलगद फेकणारा सरस ठरे. त्यांनीं ठरविलें, लक्ष्य डोक्यावर आडवें ठेवावें, म्हणजे दांडगाईचा उपयोग नाहीं. चेंडू घेऊन धांवूं देऊं नये, म्हणजे अंगावर झडप घालण्याचें कारण नाहीं. सज्जाच्या कठड्यास १० फूट उंचीवर पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, १३ नियम लिहून लाविले, आणि खेळ सुरू झाला.

१९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिक सामन्यांत हा खेळ त्यांनीं डोळे भरून पाहिला. १९३९ सालीं ते निवर्तले. ह्या शोधावर त्यांनीं धन जोडलें नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, अनावर मुलांस त्यांनीं शिक्षा दिली नाहीं, खेळ दिला.