लाकूड, धातू, चामडे आणि सयाजीराव महाराज

१८७५ सालच्या मे महिन्यात नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या लहानशा गावातील बारा वर्षांचा गोपाळ बडोद्याच्या राजघराण्यात दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. त्याचे वडील काशीराव गायकवाड घराण्याच्या दूरच्या शाखेतले, परंतु घर शेतकऱ्याचे. मुलाला तोवर अक्षरओळखही नव्हती. त्या काळच्या शेतकरी घरात सुताराने घडवलेल्या वस्तू म्हणजे पाट, पाळणा, नांगर आणि फार तर एखादी कडीकोयंड्याची पेटी. लाकूड, लोखंड आणि चामडे या तिघांची खरी गाठ पडे ती विहिरीवर. मोटेचे चाक सुताराचे, तिच्या तोंडाचे कडे लोहाराचे आणि पखाल चांभाराची. तिघांचे हात लागल्याखेरीज शेताला पाणी मिळत नसे. मात्र घराचा उंबरठा आला की ही सोबत सुटे. लाकूड आणि पितळ माजघरापर्यंत जाई. चामडे आणि ते कमावणारा माणूस बाहेर राही.

पुढे त्रेसष्ट वर्षे बडोद्याच्या गादीवर असलेल्या या पुरुषाच्या आयुष्याकडे अनेक अंगांनी पाहता येते. सक्तीचे शिक्षण, ग्रंथालये, न्यायव्यवस्था, बँक, संगीतशाळा यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु हाताने काम करणाऱ्या माणसाला विद्येच्या दारात आणण्याचा त्यांचा प्रयत्न आणि त्या प्रयत्नाची मर्यादा ही कथा त्या मानाने कमी सांगितली जाते.

सयाजीराव बडोद्यास आले तेव्हा मल्हारराव गायकवाडांना इंग्रज सरकारने नुकतेच पदच्युत केले होते. त्यांच्या कारकिर्दीत सोन्याच्या तोफा ओतल्या गेल्या होत्या. खजिना मात्र खिळखिळा झाला होता. खंडेराव महाराजांच्या पत्नी जमनाबाई यांनी या मुलाला दत्तक घेतले. दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्याची घडी बसवली आणि इलियट या इंग्रज शिक्षकाने मुलाला शिकवले. २८ डिसेंबर १८८१ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, सयाजीरावांच्या हाती राज्याची पूर्ण सूत्रे आली.

त्या सुमारास शहराबाहेर लक्ष्मीविलास राजवाड्याचे बांधकाम चालू होते. मूळ आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. १८८१ मध्ये त्यांचा मृत्यू झाला आणि रॉबर्ट चिझम यांनी काम पुढे नेले. १८९० मध्ये राजवाडा पुरा झाला. दरबार हॉलच्या जमिनीसाठी व्हेनिसचे कारागीर आले, खिडक्यांच्या रंगीत काचा युरोपातून आल्या, शिल्पे घडवण्यासाठी इटलीहून फेलिची आले. बैठकीचे सामानही युरोपीय थाटाचे होते.

या सामानात एक गोष्ट भारतीय घराला नवी होती. गुजरातेतील घरात लाकूड आणि धातूची जोडी जुनीच होती. पितळी साखळ्यांना टांगलेला सागवानी हिंडोळा आणि पितळी पत्र्याने मढवलेला पटारा हे तिथल्या सुखवस्तू घराचे वैभव. बडोद्याजवळ ओरसंग नदीकाठच्या संखेडा गावात तर खरादी कारागीर सागवान खरादावर धरून पाय, दांडे आणि कठडे कातत आणि त्यांवर कथलाच्या खळीने नक्षी काढत. कथील कुटून सरसात कालवायचे, कुंचल्याने नक्षी रेखायची, अकीक दगडाने घोटायची आणि वर लाखेचा थर द्यायचा. मग चंदेरी कथील लाखेखालून सोनेरी दिसते. हा लाकूड-धातूचा संयोग इतका नाजूक की पाहणाऱ्याला तो रंगच वाटतो. यात चामडे कुठेच नव्हते. युरोपीय खुर्ची आणि कोच यांनी ते आणले. लाकडी सांगाडा, आत लोखंडी स्प्रिंगा, वर ताणलेले कातडे आणि कडेने ठोकलेल्या पितळी फुलांच्या चुका. गोव्याला असे सामान अनोळखी नव्हते. पोर्तुगीज वळणाच्या, चामडी बैठकीच्या आणि ठसठशीत पितळी खिळ्यांच्या खुर्च्या येथील चर्चमध्ये आणि जुन्या वाड्यांत कितीतरी आधीपासून वापरात होत्या. बडोद्यात मात्र ती रीत राजवाड्याच्या दारातून शिरली.

अशी खुर्ची दिसते तितकी सोपी नसते. लाकूड पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते; धातू तसा हलत नाही; चामडे कोरडे पडले की ओढ घेते. हिरडा किंवा बाभळीच्या सालीने कमावलेल्या कातड्यात कषायद्रव्य असते. त्याला ओलाव्यात लोखंडाचा खिळा लागला की काळा डाग पडतो. म्हणून तिथे पितळ वापरतात, आणि तेही न पुसता ठेवले तर हिरवे पडते. तिन्ही पदार्थांचा स्वभाव एकाच माणसाला कळला पाहिजे. आपल्याकडे ते ज्ञान तीन जातींत विभागलेले होते. सुताराचे ज्ञान सुताराच्या मुलाकडे, लोहाराचे लोहाराच्या मुलाकडे. चांभाराकडे विचारायला तर कोणी जातच नसे.

या कोंडीवर उपाय सुचवणारा माणूस सुतार समाजातूनच आला. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे सुरतेचे. त्यांचा जन्मही सयाजीरावांच्याच वर्षी, १८६३ मध्ये झाला. गज्जर या नावातच सुतारकीची खूण आहे. घरी शिल्पशास्त्राची परंपरा होती आणि स्वतः त्यांनी मुंबईत रसायनशास्त्राचा अभ्यास करून उच्च पदवी मिळवली. बडोदा कॉलेजात ते रसायनाचे प्राध्यापक झाले. हिरड्याच्या पाण्यात लोहाचा क्षार पडला की काळा रंग तयार होतो, ही रंगाऱ्याची जुनी युक्ती आणि खुर्चीच्या कातड्यावर पडणारा डाग या दोन्हींच्या मुळाशी रसायन एकच आहे. कारागिराला हे कारण कळले तर तो दोष टाळील आणि नवे काही करील, अशी गज्जरांची धारणा होती. त्यांनी महाराजांपुढे कलाकौशल्याच्या शाळेची योजना मांडली आणि १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन सुरू झाले.

राजवाडा पुरा झाला त्याच वर्षी कलाभवन उघडले. जो राजा इटालियन कारागिरांना बोलावत होता, तोच आपल्या मुलखातील मुलांना चित्रकला, सुतारकाम, यंत्रविद्या, रंगाई आणि छपाई शिकवण्यासाठी पैसा देत होता. कलाभवनाचे मोठे वैशिष्ट्य असे की शिक्षण देशी भाषेत देण्याचा आग्रह होता. ज्याला इंग्रजी येत नाही त्यालाही शास्त्र कळावे म्हणून गुजरातीत पुस्तके आणि परिभाषा तयार करण्याचे काम गज्जरांनी हाती घेतले. मराठी वाचकांना या संस्थेचा एक विद्यार्थी विशेष आठवेल. धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर कलाभवनात आले आणि तेथेच छायाचित्रणात रमले. त्या काळचा कॅमेराही लाकडी पेटी, पितळी भिंगदाणी आणि चामडी भाता यांनीच घडलेला असे. पुढे भारतीय चित्रपटाचा पाया घालणाऱ्या दादासाहेबांचे हात अशा यंत्रावर बसले ते बडोद्यात.

महाराजांचे स्वतःचे शिक्षण मात्र प्रवासात चालू राहिले. १८८७ पासून ते वारंवार युरोपला गेले. अमेरिकाही त्यांनी पाहिली. परतताना ते केवळ वस्तू आणत नसत. अमेरिकेतील ग्रंथालये पाहून आल्यावर त्यांनी विल्यम बॉर्डन या तज्ज्ञाला १९१० मध्ये बडोद्यास आणले. शहरात मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले आणि खेडोपाडी लाकडी पेट्यांतून पुस्तके फिरू लागली. १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले. १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा स्थापन झाली. १९०२ मध्ये अहमदाबादेत राष्ट्रीय सभेच्या निमित्ताने भरलेल्या औद्योगिक प्रदर्शनाचे उद्घाटन त्यांनीच केले आणि देशातील उद्योग का मागे पडले याची चर्चा करताना रूढी आणि जातिबंधनांकडेही बोट दाखवले.

हे बोट दाखवण्याचा अधिकार त्यांनी कृतीने मिळवला होता. सत्ता हाती येताच १८८२-८३ च्या सुमारास त्यांनी अंत्यज मुलांसाठी मोफत शाळा उघडल्या. सवर्ण शिक्षक तिथे शिकवायला तयार होत नसत. म्हणून मुसलमान आणि पुढे आर्य समाजी शिक्षक नेमावे लागले. कातडे कमावणाऱ्या, ढोरे ओढणाऱ्या आणि रस्ते झाडणाऱ्या कुटुंबांतील मुलांच्या हाती पाटी येण्यास इतका विरोध होता. राजवाड्यातल्या कोचावर बसणाऱ्या दरबाऱ्याला ते कातडे चालत होते. ते कमावणाऱ्याचा मुलगा मात्र शेजारच्या बाकावर चालत नव्हता.

राजाची आज्ञा कुठवर पोहोचते हे सप्टेंबर १९१७ मध्ये स्पष्ट झाले. भीमराव रामजी आंबेडकर यांना बडोदा सरकारनेच शिष्यवृत्ती देऊन १९१३ मध्ये अमेरिकेस पाठवले होते. कराराप्रमाणे ते बडोद्याच्या सेवेत रुजू झाले, तेव्हा शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकत. ओळख न सांगता ते ज्या पारशी वसतिगृहात राहिले, तेथूनही जमावाने त्यांना बाहेर काढले आणि विषण्ण मनाने त्यांनी बडोदे सोडले. त्या कचेरीतले टेबल सरकारचे होते, नेमणूक महाराजांची होती आणि तरीही शिपायाचा हात त्या टेबलापर्यंत यायला तयार नव्हता. सयाजीरावांच्या कारकिर्दीतील ही सर्वांत बोचरी घटना. ती त्यांच्या राज्यात घडली ही वस्तुस्थिती त्यांच्या चाहत्यांनाही नाकारता येत नाही. १९३२ मध्ये त्यांनी राज्यातील सरकारी देवळे अस्पृश्यांना खुली केली. त्याच वर्षी कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

कलाभवनाचा हेतूही पुरता साधला नाही. गज्जर १८९६ च्या सुमारास बडोदे सोडून मुंबईस गेले. तेथे काही वर्षांनी व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्यावर फासलेले डांबर रसायनाने उतरवून त्यांनी नाव मिळवले आणि पुढे त्यांच्याच प्रेरणेने बडोद्यात अलेम्बिक हा रसायनांचा कारखाना उभा राहिला. कलाभवनातून बाहेर पडलेले अनेक तरुण गिरण्या, कारखाने आणि सरकारी खात्यांत गेले. सुताराचा मुलगा शास्त्र शिकून पुन्हा आपल्या रंध्याकडे यावा ही मूळ कल्पना होती. प्रत्यक्षात शास्त्र शिकलेला बहुधा नोकरीकडे गेला. त्याला दोष देता येत नाही. नोकरीला मान होता, रंध्याला नव्हता.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत सयाजीराव महाराजांचे निधन झाले. दहा वर्षांनी, १९४९ मध्ये, त्यांच्या नावाचे विद्यापीठ बडोद्यात स्थापन झाले आणि कलाभवन त्याचे तंत्रज्ञान व अभियांत्रिकी महाविद्यालय बनले. पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या ललित कला विद्याशाखेने देशाला नामवंत चित्रकार आणि शिल्पकार दिले. संखेड्याचे खरादी आजही झोपाळे आणि खुर्च्या कातत आहेत. त्यांच्या कामाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

आज लाकूड, धातू आणि चामडे यांचा मेळ घातलेले टेबल किंवा आरामखुर्ची शहरी घरात मोठ्या हौसेने आणली जाते. दिवाणखान्यात चामड्याला आता कोणी अडवत नाही. कवळाण्याच्या विहिरीवर तीन हातांची जी सोबत होती ती घरात आणि शाळेतही यावी म्हणून एका राजाने अर्धशतकाहून अधिक काळ खटपट केली. वस्तू आत आल्या. त्या घडवणाऱ्यांपैकी काहींच्या हाती पाटी आली, काहींच्या हाती पदवी. आणि त्यांतील सर्वांत बुद्धिमान माणसाला त्याच शहरात एक खोली मिळू शकली नाही. सयाजीराव महाराजांचा गौरव करताना ही दोन्ही टोके ध्यानात ठेवावी लागतात.