कलामहर्षी बाबूराव पेंटर

बाबूरावांचे खरे आडनाव मेस्त्री. त्यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. वडील कृष्णराव कुशल कारागीर होते. घरातच हत्यारे आणि रंग असल्यामुळे मुलाचा हात लहानपणीच वळला. कलाशाळेत ते कधी गेले नाहीत. पुढे नात्याने भाऊ असलेल्या आनंदरावांबरोबर ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवू लागले. राजवाडा, अरण्य, रस्ता असे देखावे ते कापडावर हुबेहूब उतरवीत. या धंद्यामुळेच लोक दोघांनाही पेंटर म्हणू लागले. उर्दूत आपण ज्याला मुसव्विर म्हणतो, तोच हा!

नंतर दोघांना चित्रपटाचे वेड लागले. विलायती कॅमेरा घेण्याइतका पैसा जवळ नव्हता. मग कॅमेरा आपणच तयार करायचा, असे ठरले. काम अर्धवट असतानाच १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी धीर सोडला नाही. दामले या शिष्याच्या मदतीने त्यांनी कॅमेरा पुरा केला. गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिले आणि १९१८ साली महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० साली 'सैरंध्री' हा त्यांचा पहिला मूकपट आला. चित्रपटांची जाहिरातचित्रे बाबूराव स्वतः रंगवीत.

१९२५ सालच्या 'सावकारी पाश' या चित्रपटात देवदेवता नव्हत्या, राजेही नव्हते. सावकाराच्या कर्जात जमीन गमावलेला आणि पोटासाठी शहराची वाट धरणारा शेतकरी त्यात होता. दरवर्षी कोयते घेऊन ऊसतोडीला जाणारी माणसे पाहणाऱ्या आपल्या बीड जिल्ह्यातील मुलांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

बाबूराव कामात फार चोखंदळ. मनासारखे होईपर्यंत त्यांचे समाधान होत नसे, त्यामुळे चित्रपट लांबत आणि पैसा अडकून पडे. १९२९ साली दामले, शेख फत्तेलाल, शांताराम हे हाताखाली तयार झालेले शिष्य बाहेर पडले व त्यांनी प्रभात कंपनी काढली. दामले आणि फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' पुढे १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. गुरूची कंपनी मात्र बंद पडली.

बाबूरावांनी नंतर काही बोलपट केले, पण त्यांचे मन त्यात रमेना. ते पुन्हा कुंचल्याकडे आणि मातीकडे वळले. पूर्वीचे पडदे नाटक कंपनीसाठी होते, जाहिराती तिकिटे खपावीत म्हणून होत्या. आताचे काम त्यांच्या आवडीचे होते. त्यांनी व्यक्तिचित्रे रंगवली, पुतळे घडवले. कोल्हापूरच्या शिवाजी चौकात १९४५ साली उभारलेला शिवाजी महाराजांचा पुतळा त्यांच्याच हातचा. 'जलवाहिनी' हे त्यांचे चित्रही प्रसिद्ध आहे. पाणी वाहणाऱ्या स्त्रिया आपल्याकडे उन्हाळ्यात घरोघरी दिसतात. त्यांच्याकडे चित्राच्या नजरेने पाहणारे थोडे.

१९४७ साली 'लोकशाहीर रामजोशी' या चित्रपटासाठी शिष्य शांताराम यांनी गुरूंना पुन्हा बोलावले. तेवढे काम करून बाबूराव कोल्हापूरला परतले. तेथेच १६ जानेवारी १९५४ रोजी त्यांचे निधन झाले.