जोसेफ फूरिए : उष्णतेचं गणित मांडणारे प्रीफेक्ट

शिक्षकमित्रांनो, पालकहो, मोबाईल गरम का होतो हे मुलं हमखास विचारतात. तेव्हा फूरिएंची गोष्ट जरूर सांगा.

जन्म २१ मार्च १७६८, फ्रान्समधलं ओसेर गाव. वडील शिंपी. नऊ-दहा वर्षांचे असताना आई-वडील दोघंही गेले. पण गणितात डोकं भारी! १७९८ मध्ये नेपोलियनसोबत इजिप्तला गेले. परतल्यावर ग्रेनोबलला प्रीफेक्ट झाले, म्हणजे आपल्याकडच्या जिल्हाधिकाऱ्यासारखं पद. तो व्याप सांभाळून त्यांनी धातूचं कडं तापवून उष्णता कशी सरकते ते मोजलं. थोड्या अंतरात तापमानाचा फरक जितका जास्त, तितकी उष्णता जोरात वाहते, हा त्यांचा नियम. १८०७ मध्ये निबंध पॅरिसला दिला, तर लाग्रांजसारख्या दिग्गजाने हरकत घेतली. पुढे बक्षीस मिळालं, तेही शंका काढूनच. पुस्तक निघालं थेट १८२२ मध्ये. पंधरा वर्षं! १६ मे १८३० रोजी पॅरिसला ते वारले.

चिपमधली उष्णता आजही याच नियमाने मोजतात. मात्र सिलिकॉनचा थर काही नॅनोमीटरचा झाला की हा नियम पुरत नाही. उष्णता वाहून नेणारी अणूंची कंपनं थराच्या पृष्ठभागांवरच आदळत राहतात. उष्णता अडकते, आणि सतत तापलेली चिप लवकर झिजते.